नंदा नावाचा बिंदू

श्रीरंग खानझोडे यांना अमेरिकेतल्या रेडमंडमध्ये ओळखणारी माणसे थोडीच होती. पण ती सगळी त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगत. हा माणूस रेघ सोडत नाही. गणपतीच्या आरतीलाही खानझोडे फ्लाइट प्लॅन घेऊन येतात, अशी थट्टा मराठी मंडळात चाले आणि ते ती हसून ऐकून घेत.

रेघ म्हणजे त्यांच्या छोट्या विमानातल्या जीपीएस युनिटच्या पडद्यावरची गुलाबी रेघ. आकाशातही रस्ते असतात. पूर्वी ते जमिनीवरच्या रेडिओ-केंद्रांच्या आधाराने आखलेले असत. आता युनिटमध्ये अशा रस्त्याचे, म्हणजे एअरवेचे, नाव घातले की सगळ्या वळणांसकट तो पडद्यावर उमटतो. वळणावळणावर पाच अक्षरी नावांचे बिंदू असतात आणि दर दोन बिंदूंच्या मध्ये एक किमान उंची ठरवून दिलेली असते. त्या उंचीच्या वर आणि त्या रेघेवर असाल, तर डोंगर तुमच्या वाटेत येणार नाही, ही हमी. रेघ सोडली की हमी संपली. दर अठ्ठावीस दिवसांनी त्या बिंदूंची नवी यादी येते. श्रीरंगराव ती कार्डावर उतरवून घेत, हँगरमध्ये जाऊन कार्ड युनिटमध्ये घालत आणि जुन्या-नव्या यादीतला फरक उभ्या उभ्या वाचत. एखादा बिंदू शंभर मीटर सरकला असला तरी तो त्यांच्या लक्षात येई.

हा त्यांच्या पेशाचाही भाग होता. आर्वीहून नागपूरला आणि नागपूरहून इथे आलेले हे गृहस्थ सत्तावीस वर्षे एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणे आणि त्यांची नोंद करणे, एवढेच त्यांनी आयुष्यभर केले. सापडलेली चूक नोंद न करता सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पंचेचाळिसाव्या वर्षी ते विमान चालवायला शिकले आणि कंपनीतले मित्र रवींद्र पाठराबे यांच्याबरोबर भागीत त्यांनी एक जुने, चार आसनांचे, एका इंजिनाचे विमान घेतले.

नंदाताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, या विमानाचा मुळीच उत्साह नव्हता. त्या मागच्या आसनावर डोळे मिटून बसत आणि आवळासुपारी चघळत. कॅस्केड पर्वतावरून जाताना एकदाच त्यांनी खाली पाहिले. एअरवेच्या वळणापासून सहा मैलांवर, उभ्या कड्याच्या कुशीत एक तलाव होता. नकाशावर त्याला नावही नव्हते. "इथे उतरता येत नाही का हो?" असे त्यांनी विचारले. येत नव्हते. दोन वर्षांनी त्या कर्करोगाने गेल्या, तेव्हा त्यांची अर्धी रक्षा श्रीरंगरावांनी आणि मुलीने, अनिकाने, त्या तलावावर सोडली. उघड्या खिडकीतून रक्षा उलटी आत येते हे रवींद्रांनी कुठेतरी वाचले होते. म्हणून व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप खिडकीबाहेर धरून ती सोडावी लागली. त्या पाइपबद्दल बापलेक पुढे कधी बोलले नाहीत. त्या तलावाची जागा मात्र श्रीरंगरावांनी आदल्या दिवशीच युनिटमध्ये स्वतःच्या बिंदूंच्या यादीत घालून ठेवली होती. आपल्या बिंदूलाही पाच अक्षरांचेच नाव देता येई. नंदा हे नाव इंग्रजीत लिहिले तर नेमके पाच अक्षरांत बसते, हे त्यांना तेव्हाच कळले. त्यानंतर हवा स्वच्छ असेल तेव्हा दोघे तेवढ्यापुरती रेघ सोडत, तलावावरून एक चक्कर मारत आणि परत रेघेवर येत. विमान चालवायला शिकवताना श्रीरंगरावांनी लेकीला दिलेली ती एकमेव सूट होती.

अनिका सव्वीस वर्षांची होती. गाई-घोड्यांची डॉक्टर. दर दुसऱ्या शनिवारी ती पर्वताच्या पलीकडे वेनॅचीला विमानाने जाई, तिथल्या गोठ्यांतली कामे करी आणि संध्याकाळी परत येई. पोचल्यावर फोन करण्याचा तिला कंटाळा. वडिलांना ती मेसेजमध्ये फक्त एक आडवी रेघ पाठवी. म्हणजे रेघेवरून आले, सुखरूप आहे. ती रेघ येईपर्यंत श्रीरंगराव सकाळचा दुसरा चहा घेत नसत.

त्या वर्षी अधिक महिन्यामुळे पितृपक्ष ऑक्टोबरपर्यंत लांबला होता. शनिवारी अविधवा नवमी होती. श्रीरंगरावांनी सकाळी साडेआठला अनिकाला फोन केला, तेव्हा ती हँगरमध्ये होती.

"आज आईची नवमी आहे. संध्याकाळी गिरिजाकाकू जेवायला येताहेत. वेळेत ये."

"ओके बाबा," ती म्हणाली. "आय विल से हाय टू हर."

गिरिजा म्हणजे रवींद्रांच्या पत्नी. दर नवमीला सवाष्ण म्हणून त्याच जेवायला येत. श्रीरंगरावांनी फोन ठेवला आणि ते खिरीसाठी दूध आटवायला लागले.

साडेदहापर्यंत आडवी रेघ यायला हवी होती. अकरापर्यंत आली नाही. सव्वाअकराला त्यांनी वेनॅचीच्या विमानतळावर फोन केला. विमान उतरलेले नव्हते. बाराला शोधकार्य सुरू झाले.

शोधाचे ठाणे पर्वताच्या पायथ्याशी एका गावात, अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये होते. रवींद्रांनी गाडी चालवली. श्रीरंगराव शेजारी बसून फोनवर विमानाचा माग पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. विमान दर सेकंदाला आपली जागा सांगत असते. अनिकाच्या विमानाचा माग साडेनऊ हजार फुटांवर, रेघेवर अगदी बरोबर, वळणाच्या चार मैल अलीकडे तुटला होता. जागा सांगणाऱ्या यंत्राचा विजेचा खटका, ब्रेकर, पडला होता, हे नंतर कळले. त्या दुपारी एवढेच माहीत होते की तिथून पुढे काहीच नाही. अपघात झाला की आपोआप संकेत देणारे दुसरे यंत्र शेपटीकडे होते. तेही गप्प होते.

शोधाची व्यवस्था मार्गो नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे होती. तिने नकाशा पसरला आणि एकच प्रश्न विचारला: तुमची मुलगी एअरवे सोडून जाईल का?

"नाही," श्रीरंगराव म्हणाले. "मी शिकवलंय तिला."

मार्गोने ते लिहून घेतले. त्यानुसार वळणापासून पुढे, रेघेच्या दोन्ही बाजूंना चार-चार मैलांचे पट्टे आखले गेले. आठ हजार फुटांपर्यंत ढग होते, मध्ये मध्ये फाटलेले. हेलिकॉप्टर त्या फटींतून खाली उतरत होते आणि वर येत होते. अंधार पडायच्या आधी ते रिकामे परतले. रात्री डोंगरात तापमान शून्यावर येणार होते. अनिकाकडे एक जाकीट, दुपारचा डबा आणि पाण्याची एक बाटली होती. श्रीरंगरावांनी मार्गोला विचारले, किती दिवस? तिने खोटे सांगितले नाही. जखमी माणूस, थंडी आणि ओल यांचा विचार करता तिसऱ्या दिवसानंतर आशा फार थोडी उरते, असे ती म्हणाली.

रविवारी सकाळी गिरिजाताई नवमीचा स्वयंपाक डब्यांत भरून घेऊन आल्या. कुणीच खाल्ले नाही. खीर प्लास्टिकच्या वाटीत तशीच राहिली आणि तिच्यावर साय धरली. हॉलमध्ये रेडिओवर पट्ट्यांचे आकडे ऐकू येत होते: सात रिकामा, आठ रिकामा. गिरिजाताईंना हे सहन होईना. काहीतरी बोलायचे म्हणून त्यांनी विचारले, "फोनवर शेवटचं काय म्हणाली हो ती?"

श्रीरंगरावांनी सांगितले. ओके म्हणाली. आणि तुम्हाला हाय सांगते म्हणाली.

"मला?" गिरिजाताई म्हणाल्या. "मला कशाला? मी तर संध्याकाळी भेटणारच होते की तिला."

श्रीरंगराव खुर्चीतून उठले. हॉलच्या त्या टोकाला मार्गोच्या टेबलापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला, असे रवींद्र सांगतात. जणू वाटेत प्रत्येक पावलाला ते थांबत होते. टेबलापाशी त्यांनी हलक्या आवाजात सांगितले की काल आपण जे म्हणालो ते चुकीचे होते. मुलीने रेघ सोडली असणार. ती आईला भेटायला गेली. मग तलाव, रक्षा, नवमी, हे सगळे त्या परक्या बाईला इंग्रजीत समजावून सांगावे लागले. मार्गोने फक्त तलावाची जागा विचारली. श्रीरंगरावांनी कागदी नकाशावर तो निळा ठिपका शोधला, पट्टीने मोजला आणि आकडे लिहून दिले.

दुपारभर ढग खाली होते. संध्याकाळी एक फट मिळाली, तेव्हा हेलिकॉप्टरने तलावाच्या वाटीत दोन चकरा मारल्या. काही दिसले नाही. पायी निघालेली तुकडी सोमवारी सकाळी तलावाशी पोचली. सहा माणसांनी चार तास काठ, दरडी, झाडीचा पट्टा पिंजून काढला. विमानाच्या रंगाची एक चकतीही सापडली नाही.

सोमवार तिसरा दिवस होता. दुपारी एक वाजता मार्गो सांगायला आली. तलाव रिकामा आहे. तुकडीला परत एअरवेकडे वळवावे लागेल, हातात दिवसाचे पाच तास उरले आहेत. श्रीरंगरावांनी मान हलवली. त्यांनी दोन दिवसांत कपडे बदलले नव्हते. त्यांची बोटे टेबलावर आपोआप हलत होती. युनिटचे गोल बटण फिरवल्यासारखी.

रवींद्र नकाशावर वाकले होते. विमानात त्यांचा निम्मा वाटा होता. पण त्या एका बिंदूला त्यांनी कधी हात लावला नव्हता. ते सहज म्हणाले, "श्रीरंग, तू हिला दिलेस तेच आकडे युनिटमध्ये आहेत ना?"

रवींद्रांनी मान वर करून पाहिले. श्रीरंगरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

युनिटमध्ये ते आकडे नव्हते. कागदी नकाशावर जागा अंश, मिनिटे आणि सेकंद अशी मोजलेली होती. युनिटला सेकंद समजत नसत. त्याला मिनिटांचे दशांश लागत. रक्षा सोडण्याच्या आदल्या दिवशी श्रीरंगरावांनी बत्तीस मिनिटे पन्नास सेकंद हा आकडा तसाच्या तसा, बत्तीस पूर्णांक पन्नास शतांश म्हणून घातला होता. पन्नास सेकंदांची मिनिटे करायची तर साठाने भागावे लागते, हे शाळेतल्या मुलालाही येते. त्यांनाही येत होते. त्या दिवशी त्यांनी भागले नाही. दुसऱ्या आकड्याचेही तसेच झाले. त्यामुळे बिंदू पाऊण किलोमीटर आग्नेयेला, कड्याच्या पलीकडे पडला.

ही चूक त्यांना त्याच आठवड्यात कळली होती. पडद्यावर बिंदूचे अंतर शून्य झाले, तेव्हा तलाव खाली नव्हता, डावीकडे मागे होता. त्यांनी मनातल्या मनात लगेच हिशेब केला आणि चूक कुठे झाली ते ओळखले. घरी आल्यावर ते एकटेच हँगरमध्ये गेले. त्या जुन्या युनिटमध्ये साठवलेल्या बिंदूचे आकडे बदलता येत नसत. बिंदू पुसून नवा करावा लागे. त्यांनी पुसण्याचे बटण दाबले. पडद्यावर प्रश्न आला: डिलीट नंदा? खाली दोन पर्याय होते, येस आणि नो. ते बराच वेळ तिथे बसले होते. मग त्यांनी नो दाबले.

आपण कुठे युनिटकडे पाहून तलावाशी जातो, असे त्यांनी स्वतःला सांगितले. स्वच्छ हवेतच जातो, तलाव डोळ्यांना दिसतो. अनिका शेजारी असताना ते नेहमी खिडकीतून पाहूनच वळण घेत आणि पडद्यावर काय दिसते याकडे तिचे लक्ष जाऊ देत नसत. हळूहळू ती चूक त्यांच्या मनातूनही पुसली गेली. चार वर्षांत नंदा म्हणजे तो तलावच, एवढेच मनात उरले. म्हणून मार्गोला त्यांनी तलावाचे आकडे दिले. दर अठ्ठावीस दिवसांनी ते युनिटमधला प्रत्येक सरकारी बिंदू तपासत होते. हा एकच बिंदू कुणी तपासत नव्हते. कारण तो सरकारच्या यादीत नव्हता, त्यांच्या यादीत होता.

अनिकाने मात्र युनिटवर विश्वास ठेवला. ढगांवरून येताना तिला तलाव दिसणे शक्य नव्हते. बिंदूवर पोचल्यावर खालच्या ढगात फट दिसली असेल, तर आपण तलावाच्याच वर आहोत असे समजून ती त्या फटीतून खाली उतरली असेल. आणि खाली तलाव नव्हता, अरुंद खोरे होते.

श्रीरंगरावांनी कागद ओढला. आता त्यांना चुकीचा आकडा अचूक काढायचा होता. पहिल्या ओळीत त्यांनी खाडाखोड केली, दुसऱ्या ओळीत आकडे सुटे सुटे लिहिले. कागद घेऊन ते मार्गोपुढे उभे राहिले. त्या वेळी टेबलाशी वैमानिक होते, पायी तुकडीशी रेडिओवर बोलणारा माणूस होता, रवींद्र आणि गिरिजाताई होते. श्रीरंगरावांनी सर्वांसमोर सांगितले की ती तलावावर गेलेली नाही. ती या जागेवर गेली. ही जागा चुकीची आहे. मी घातली होती आणि चुकीची आहे हे मला माहीत होते.

मार्गोने कागद पाहिला, नकाशावर बोट ठेवले. कड्याच्या पलीकडचे ते खोरे वेगळेच होते. तिथे जायची पायवाटही दुसऱ्या रस्त्यावरून फुटत होती. कुणी त्या बाजूला पाहिलेच नव्हते. तिने विचारले, तुम्हाला खात्री आहे?

"चुकीची खात्री आहे," श्रीरंगराव म्हणाले.

हेलिकॉप्टर अडीचला उडाले. श्रीरंगराव बाहेर डांबरावर उभे राहिले. त्यांनी जाकीट घातले नव्हते. रवींद्रांनी आपले त्यांच्या खांद्यावर टाकले, ते खाली घसरले, तरी त्यांच्या लक्षात आले नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी रेडिओवर आवाज आला की फर वृक्षांच्या झाडीत पांढरा पंख दिसतो आहे. कागदावरच्या बिंदूपासून चारशे मीटरवर. मग माणूस दोरावरून खाली उतरवायला वेळ लागला. चाळीस मिनिटे रेडिओवर केवळ खरखर होती. त्या चाळीस मिनिटांत श्रीरंगराव एकदाच बोलले. ते रवींद्रांना म्हणाले, "मी येस दाबायला हवं होतं रे."

रवींद्रांनी खाली पडलेले जाकीट उचलून पुन्हा त्यांच्या खांद्यावर टाकले.

तीन पन्नासला मार्गो दारात आली. जिवंत आहे, ती म्हणाली. श्रीरंगराव डांबरावर खाली बसले.

विमान झाडांच्या शेंड्यांत अडकून हळूहळू खाली आले होते. म्हणूनच ती वाचली. शेपटी तुटली तेव्हा संकेताच्या यंत्राची अँटेनाही तिच्याबरोबर गेली. अनिकाच्या कमरेचे हाड मोडले होते. डावा पाय पुढच्या पत्र्याखाली दोन रात्री चेपून राहिला होता आणि सिअॅटलच्या इस्पितळात डॉक्टरांना तो गुडघ्याखाली ठेवता आला नाही. गाईंच्या गोठ्यात आणि घोड्यांच्या लाथांमध्ये काम करणाऱ्या मुलीचा पाय. श्रीरंगरावांनी संमतीच्या कागदावर सही केली, तेव्हा आपल्या नावाचे स्पेलिंग त्यांना क्षणभर आठवेना.

पाचव्या दिवशी ती नीट बोलू लागली. आवाज खोल गेला होता. "स्क्रीनवर झिरो होतं, बाबा," ती म्हणाली. "पण लेक नव्हताच. मला वाटलं अजून खाली असेल. मीच काहीतरी चुकले."

"तू चुकली नाहीस. पॉइंट चुकीचा होता."

तिने मान त्यांच्याकडे वळवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"हाऊ लाँग?"

"चार वर्षं."

हा प्रश्न येईल, त्यानंतर "का?" असे विचारले जाईल, मग आपण त्या हँगरमधल्या दुपारविषयी सांगू, अशी त्यांनी मनाशी तयारी केली होती. तिने "का?" असे विचारले नाही. ब्लँकेटखाली जिथे पाय संपत होता त्या जागेकडे तिने पाहिले आणि मान भिंतीकडे वळवली. "प्लीज गो, बाबा," ती म्हणाली.

ते बाहेर आले, पण घरी गेले नाहीत. कॉरिडॉरमध्ये निळ्या रंगाच्या, एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या होत्या. त्यांतल्या शेवटच्या खुर्चीवर ते बसले. गिरिजाताई डबा आणत, रवींद्र दाढीचे सामान आणत. आत जाऊन आल्यावर ते तिची प्रकृती सांगत. पण ती वडिलांविषयी काही बोलली का, हे श्रीरंगराव विचारत नसत आणि तेही सांगत नसत. या माणसाने आता विमानाला हात लावू नये असे रवींद्रांना वाटत होते. ते सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी श्रीरंगरावांनी आपल्या वैमानिकाच्या परवान्याचे कार्ड रवींद्रांच्या हातात दिले आणि हे तुझ्याकडे राहू दे, एवढेच सांगितले.

तिसऱ्या सकाळी नर्स बाहेर आली. तिच्या हातात इस्पितळाच्या जेवणाच्या यादीचा कागद होता. त्याच्या मागच्या बाजूला वाकड्यातिकड्या अक्षरांत अनिकाने इंग्रजीत एक ओळ लिहिली होती: आई खरी कुठे आहे?

श्रीरंगरावांनी ती ओळ वाचली. खिशातून पेन काढले. तलावाचे आकडे त्यांना पाठ होते. तरी त्यांनी आधी अंश, मिनिटे आणि सेकंद लिहिले. मग त्याखाली एक आडवी रेघ ओढून, साठाने भागाकार मांडला. एकदा केला, मग पुन्हा उलटा करून पाहिला, मग तिसऱ्यांदा. नर्स उभी होती. तिला थांबायला वेळ नव्हता, हे तिच्या उभे राहण्यावरून कळत होते. पण त्यांनी घाई केली नाही. शेवटचा दशांश लिहिल्यावर त्यांनी तो पहिल्या ओळीशी बोट ठेवून पडताळला आणि मग कागद तिच्या हातात दिला.

दार मिटले. ते परत त्याच खुर्चीवर बसले.